एकच कूलर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ओळखपाळख नाही म्हणून की काय, कोण जाणे.

मे महिन्यातल्या दुपारी आमची पारोळ्याची गल्ली कशी असते, माहीत आहे? दारं लोटलेली, आणि खिडकी-खिडकीत कूलर घरघरतोय. वीज वाचवायची तर इथूनच, असं मला वाटलं. महिला मंडळात मीच मांडलं — दुपारी सगळ्यांनी कल्पनाच्या हॉलमध्ये बसायचं, वर्षाचे गहू तिथेच निवडायचे, आणि बाकीच्या घरांत सगळं बंद. एक गल्ली, एक कूलर. टाळ्या पडल्या. मला टाळ्या फार आवडतात, तेही सांगून टाकते.

आणि खरंच, काय दुपारी होत्या त्या! वाळ्याचा ओला वास, सुपातल्या गव्हाची सळसळ, बोलता बोलता डुलक्या. बाहेर गल्ली इतकी शांत, की लिंबावरचा होला घुमायचा तो थेट उशाशी घुमल्यासारखा वाटायचा. आपण जागे आहोत की झोपलोय, कळायचं नाही.

फक्त — माझा कूलर चालू असायचा. मागच्या खोलीतला. घरी परतल्यावर गार खोलीत आडवं व्हायचा मोह, बाकी काही नाही. दारं-खिडक्या घट्ट लावल्या की कुणाला ऐकू जातंय?

एका दुपारी ऐकू गेलं. वाऱ्यानं खिडकी उघडली असेल. कल्पना म्हणाली, कुणाचा तरी चालू आहे. सगळ्या कान देऊन ऐकू लागल्या. मी उठले — बघून येते म्हणाले. घरी गेले, बटण दाबलं. घरघर थांबली, आणि ती थांबलेली तिकडे सगळ्यांना ऐकू आली.

परतले तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. कुणाचा होता?

अक्कांचा, मी म्हणाले.

अक्का माझ्या शेजारच्या. एकट्या राहायच्या, घराची किल्ली माझ्याकडे ठेवायच्या. या उपक्रमाला सगळ्यांत आधी त्याच तयार झाल्या होत्या. त्यांचं नाव का घेतलं? त्या भांडणार नाहीत, हे ठाऊक होतं म्हणून. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडत नाही.

“मी ते बंद करेल व्हता, माय,” त्या म्हणाल्या. एवढंच.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, होतं असं, अक्का, वयोमानाने विसरायला होतं. किती मायेनं म्हटलं मी ते! सगळ्या समजुतीनं हसल्या. अक्काही हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या हॉलमधून मध्येच उठून घरी जाऊ लागल्या. बटणं बघायला. मग गॅस बघायला. मग कुलूप ओढून बघायला. पाण्याचा नळही. मी रोज बघत होते — आणि माझा कूलर? तो मी त्या दिवसापासून बंदच ठेवला. तेवढा शहाणपणा सुचला मला.

धुळ्याहून अक्कांचा मुलगा आला. आईला सगळं विसरायला होतंय, असं त्याला गल्लीनं सांगितलं. त्यात मीही होते. तो त्यांना घेऊन गेला.

मागच्या महिन्यात धुळ्याला जाऊन भेटले. सून त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नाही, शेगडीपाशी तर नाहीच. त्या पलंगावर बसून होत्या, हात मांडीवर. तक्रार काही नाही. मला म्हणाल्या, तूच पहिल्यांदा वळखलं वं, मी इसरस ते.

तेव्हा तरी बोलायचं होतं.

निघताना त्यांनी हात धरला. “जरा देखी ये ना, मना कूलर बंद शे का?”

त्या खोलीत कूलर नव्हताच. बंद आहे अक्का, मी म्हणाले, आणि चपला घातल्या.