‘उद्या घरी जायचं म्हटलंस, तर कोण अडवील?’

फोन आला तेव्हा आम्ही नाचणे गावात एका घराचं सामान उतरवत होतो. सागवानी कपाट जिन्याच्या वळणावर चौघांच्या खांद्यावर होतं. पलीकडून हसनचाचांची मुलगी नसीमा एवढंच म्हणाली, “सुनंदाताई, अब्बा गेले...” माझा चेहरा बघून कपाटाखालून आमच्या सुखदेवने विचारलं, “चाचा?” मी मान हलवली. जिन्याच्या वळणावर कपाट खाली ठेवता येत नाही. चौघे तसेच रडत रडत ते घेऊन उतरले आणि कुठे खरचटूसुद्धा दिलं नाही. चाचा असते तर आधी कपाट न्याहाळून बघितलं असतं, मग ओरडले असते, “रडताना पायरी दिसत नाय रे! पडला असतास म्हणजे?”

त्याला आता काही आठवडे झाले. हसनचाचांची घरसामान हलवायची कंपनी. दोन टेम्पो, मिरजोळ्याला पत्र्याचं गोदाम आणि ऑफिसात मी. पालीच्या पलीकडे आमची वाडी; आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही न विचारता सांगते. चाचांनाही पहिल्याच भेटीत सांगितलं. ते म्हणाले, “काय गो बीकॉम, टेम्पो चालवता येतो?” मी म्हटलं, “नाही. तुम्हाला जीएसटी भरता येतो?” ते इतके हसले की ठसका लागला. “सोमवारपासून ये,” म्हणाले. त्यानंतर माझं नावच बीकॉम पडलं. आता त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही.

ते तरुणपणी आखातात होते, एका गोदामात माल चढवायला. विमानतळावरच मालकाच्या माणसाने पासपोर्ट मागून घेतला, सांभाळून ठेवतो म्हणून. पुढे आई आजारी पडल्याचं कळलं तेव्हा चाचांनी तो मागितला, विनवण्या केल्या; मिळाला नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, निवळीचा घाट चढताना, नजर रस्त्यावरून न काढता. “आईला माती द्यायला मिळाली नाय गो मला...” मग गिअर बदलला आणि गणपतीपुळ्याच्या गर्दीवर बोलू लागले.

जयगडच्या बाजूला एका मोठ्या कंपनीच्या वसाहतीतली घरं हलवायचं काम आम्हाला मिळायचं होतं. त्यांना लेखी हमी हवी होती, की आमच्याकडे आणि आम्हाला माणसं-माल पुरवणाऱ्यांकडे कुणालाही जबरदस्तीने राबवलं जात नाही. मी इंग्रजीत झकास मजकूर तयार केला. चाचांनी तो माझ्याकडून वाक्यावाक्याने मराठीत वदवून घेतला. पुरवठादारांच्या वाक्याशी हात वर केला. “ह्या आपण बघितला काय?”

“चाचा, असं सगळेच लिहितात.”

“लिहू देत. आपण बघून लिहू. तुझी सही असणार त्याच्यावर.”

म्हणून आम्ही बघायला निघालो. लाकडी पेट्या बनवणाऱ्याकडे गेलो, तिथल्या बायकांशी बोललो, पुठ्ठ्याची खोकी जिथून येत तिथेही जाऊन आलो. आणि जे शोधत होतो ते आमच्याच गोदामात निघालं.

मोठ्या कामासाठी एका मुकादमाने झारखंडची माणसं आणली होती. गेटपाससाठी आधार कार्डं लागणार होती. मुकादमाने कमरेची पिशवी सोडून सगळ्यांची कार्डं टेबलावर ठेवली, रबर लावून, अगदी कौतुकाने. त्याला वाटलं, चाचा खूश होतील. “सगळ्यांची माझ्याकडेच असतात चाचा. फोनपण. एक वस्तू हरवायची नाय.”

चाचांनी गठ्ठ्याचं रबर काढलं. मग मुकादमाला चहा आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि एकेकाला आत बोलावलं. कार्ड हातात द्यायचं आणि एकच विचारायचं, “उद्या घरी जायचं म्हटलंस, तर कोण अडवील?” पहिले दोघे नुसते हसले आणि कार्ड खिशात घालून बाहेर गेले. तिसरा सुखदेव. त्याने कार्ड दोन्ही हातांनी धरलं आणि दाराकडे बघितलं. “बापू बीमार है, चाचा. मुकादम बोलता है, काम खतम होने तक नहीं.”

मुकादम किटली घेऊन आला, तो कार्डं वाटलेली बघून भडकलाच. “अहो, पळून जातील ना!”

“घरी चाललेल्या माणसाला पळाला म्हणतोस? माणसं आणलीस की कैदी?”

“मग उद्या सामान तुम्ही उचला.”

“उचलतो,” चाचा म्हणाले. “तू फोन काढ आधी.”

सुखदेव त्याच दिवशी निघाला, त्याच्याबरोबर आणखी काहीजण. स्टेशनवर चाचा स्वतः सोडायला गेले. दुसऱ्या दिवशी वसाहतीतलं ठरलेलं पहिलं घर आम्ही निम्म्याच माणसांनी हलवलं. ड्रायव्हर, नसीमा, मी, आणि गुडघेदुखीचे हसनचाचा उशा वाहत. साहेब लोक नाराज झाले, पुढची घरं दुसऱ्यांकडे गेली. मी चिडले होते. चाचा टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर बसून म्हणाले, “गेले ता बरा झाला. आता राहिलेत ते आपल्या मर्जीने राहिलेत, बीकॉम. काल नुसते होते.”

सुखदेवला वडील भेटले. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेले, असं त्याने फोनवर सांगितलं. चाचा तो फोन घेऊन बाहेर गेले, बराच वेळ आत आले नाहीत. पुढे सुखदेव आपणहून परतला, मुकादमाशिवाय, दोन भावांना घेऊन. ती हमी मग मी पुढच्या कामांसाठी नव्याने लिहिली, अर्ध्या लांबीची. तिच्यातलं प्रत्येक वाक्य आम्ही दोघांनी जाऊन बघितलेलं आहे, आणि माझ्या पदवीइतकाच मला तिचा अभिमान आहे.

गोदामामागे माणसांची झोपायची खोली आहे. सुखदेव गेला त्याच आठवड्यात चाचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिथे उकिडवे बसले होते. दाराला बाहेरून कडी होती, खाऱ्या हवेने स्क्रू गंजलेले. मी म्हटलं, सुताराला बोलवू. “हा काम सुताराचा नाय गो,” म्हणाले, आणि धापा टाकत एकेक स्क्रू काढला. भोकं तशीच राहिली आहेत. वारा सुटला की त्यातून बारीक शीळ येते.

ते दार आता खालून कुजलंय. परवा नसीमाने सुताराला बोलावलं. मी त्याला सांगितलं, कडी एकच, आतून. तो मापं घेता घेता थांबला. “बाहेरून नको? मग ताई, कुलूप कशाला लावणार?”

उत्तर मला येत होतं: आत माणसं झोपतात, माल नाही. पण अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं ते चाचांनी... मी क्षणभर त्यांच्या आवाजाची वाट बघत उभी राहिले.