खुंटाची फूट

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसला, जन्मलेल्या द्वारकाबाईंना हट्टात हरवील असा माणूस पडेगावात नव्हता. नवरा नानासाहेब वारले, आजूबाजूच्या शेतांत प्लॉट पडले, मुलगा मुकुंद बायकापोरांना घेऊन शहरात गारखेड्याला फ्लॅटमध्ये गेला. बाई मात्र मोसंबीच्या बागेतल्या दोन खोल्या सोडीनात. मुकुंदानं चल म्हटलं तेव्हा त्यांनी ठणकावलं, "जोवर तुझ्या बापाच्या हातचं एक बी झाड हिरवं हाय, तोवर मी इथून हलत नसते."

झाडांनी काही बाईंचं ऐकलं नाही. फांद्या छाटल्यावर जखमांना मोरचूद-चुन्याचा लेप नानासाहेबच लावायचे. त्यांच्यामागं ते कोण करणार? उघड्या जखमांतून बुरशी शिरली. खोडांवर छत्र्या उगवल्या, आतलं लाकूड शिळ्या भाकरीसारखं चुरायला लागलं. एकेक करत बाग चुलीत गेली. विहिरीजवळचं एक झाड तेवढं उरलं. बाई त्याच्याशी बोलत. न बोलून करतात काय, दिवसभरात हूं म्हणायला दुसरं कुणी नव्हतं.

यंदा त्याच्याही खोडावर छत्री आली. वरच्या फांद्या वाळल्या, आणि आषाढात बुडातून हिरवेगार फोक सरसरून वर आले. शेजारची वच्छलाबाई म्हणाली, "वाचलं की वो झाड!" द्वारकाबाई खाली बसल्या. पान चुरगळून हुंगलं, लांब काटे पाहिले आणि काय ते समजल्या. मोसंबीचं कलम आंबट, काटेरी जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधतात. ही फूट जोडाच्या खालची होती. जंबेरी तगली होती, नानासाहेबांनी बांधलेली मोसंबी मेली होती.

"वाचलं बघ," म्हणत बाई उठल्या. हिरवं ते हिरवं, कोण विचारतंय?

पोळा झाल्यावर मुकुंद आला. त्यानं झाडाभोवती एक चक्कर मारली. बाई त्याच्या मागोमाग फिरल्या. पोरपणी खुंटाची फूट छाटायचं काम त्याचंच होतं. एकदा चुकून मोसंबीचीच फांदी छाटली म्हणून बापाचा मारही खाल्ला होता. आता हा ओळखणार आणि गाठोडं बांधायला लावणार!

"हिरवं हाय की, माय," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम सैल पडला. "बरं झालं. आमच्याकडं बी पोराच्या दहावीमुळं जागेची लई अडचण हाय."

चहाही न घेता तो गाडीकडं निघाला. बाईंना जिंकल्याचं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. यानं एकदा तरी दंडाला धरून आपल्याला न्यावं, असं त्यांना फार फार वाटलं. त्या फाटकापर्यंत मागं धावल्या.

"मुकुंदा, मेलंय रे ते झाड! खुंटाची फूट हाय ती. तुला कळंना व्हय?"

मुकुंदानं गाडीला किक मारली. झाडाकडं बघितलं नाही, आईकडंही नाही.

"काय बी बोलतीस माय. चांगलं हिरवंगार तर हाय."