राहिलेली काख

लोणारच्या बसस्टँडामागचा आमचा न्हावी दाढी करताना गप्प असतो. काखेतले केस काढायची वेळ आली की एवढंच म्हणतो, "हात वर."

त्या दिवशी माझा उजवा हात खांद्यापाशीच अडला. "दोन महिने दुखतोय," मी म्हणालो. त्यानं स्वतः धरून उचलून पाहिला. तरी गेला नाही. त्यानं वस्तरा खाली ठेवला.

"काऊन थांबले इतके दिवस, सर? नुसतं दुखणं असतं तर मी उचलल्यावर गेला असता. खांदा आखडला हा. दवाखान्यात जा, शुगरबी पाहा; शुगरवाल्यांचा खांदा असा आखडते."

शुगर निघाली. व्यायाम सुरू झाले. वर्षभर तो डावीच काख करायचा, उजवीची चौकशीही करायचा नाही.

परवा हात वर गेला. बायकोला सांगायच्या आधी मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि हात वर केला.

त्यानं पाहिलं. पातं बदललं.

"एक राह्यली होती," म्हणाला.