बिनसाबणाची फडकी

आमच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, पाण्याच्या प्रयोगशाळेत आहेत. तिथे साबणाला बंदी. काचेची भांडी, पुसायची फडकी, सगळं नुसत्या कढत पाण्यात खळबळायचं. कारण त्या शोधतात तो साबणच. धुण्याच्या पावडरीचा अंश तळ्यात किती उरलाय, तो. आणि मी कामाला लाँड्रीत, जिचं सांडपाणी त्याच तळ्यात जातं. एका घरात असा योग.

यंदा वरून हुकूम आला: साबण मोडून काढायचा उपाय सापडला नाही, तर लाँड्रीला टाळं. वन्संनी तीन उपाय ताडून पाहायला घेतले. ओझोन वायू, लोखंडाच्या क्षारासोबत पेरॉक्साइड, आणि अतिनील दिव्याखाली पेरॉक्साइड. शुद्ध पाण्यात तिन्ही फत्ते. तळ्याच्या पाण्यात मात्र कुजलेला पालापाचोळा असतो. ओझोनची निम्मी ताकद त्याच्यावरच खर्ची पडते, साबणापर्यंत पोचेस्तोवर तो दमलेला. वन्संही संध्याकाळी तशाच घरी येत, खळबळायची राहिलेली फडकी बॅगेत घेऊन, आणि चपला न काढता खुर्चीत बसून राहत.

साबण असला की चाचणीत नळीच्या तळाशी निळा थर येतो. तळ्याच्या पाण्यात तिन्ही उपायांनंतरही तो येतच राहिला. मी मनातून नोकरीवर पाणी सोडलं.

साबण न घातलेलं नुसतं शुद्ध पाणीही रोज तपासून बघायचा त्यांचा नियम थकव्यात राहून गेला होता. अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते तपासलं. तेही निळं.

घरी येऊन त्यांनी बॅगेतली फडकी नाकाशी धरली. पावडरीचा वास. हात थरथरतात म्हणून सासूबाईंना आम्ही गॅसपाशी फिरकू देत नाही. त्या लेकीची कळकट फडकी गुपचूप धुऊन, घडी करून बॅगेत ठेवत होत्या. माझं डोकंच फिरलं.

वन्संनी सगळं पुन्हा केलं. ओझोन मागे पडला, लोखंडाने नुसता तांबूस गाळ वाढवला, दिव्याखालचं पेरॉक्साइड मात्र पास झालं. लाँड्री वाचली. उशीर का झाला, याला त्यांनी ‘माझी चूक’ एवढंच उत्तर दिलं आणि बढती गमावली.

मी म्हटलं, "आता तरी आईंना सांगा."

"तिला एवढं एकच काम उरलंय, वहिनी. तेही काढून घेऊ?"

प्रयोगशाळेत आता वेगळी फडकी आहेत. आईंनी धुतलेल्या फडक्यांनी वन्सं संध्याकाळी तिथल्या खिडक्यांची धूळ पुसतात आणि नीट मळवून घरी आणतात.