जोडातला हळदीचा दोरा

पिराजी मिस्त्रीला वायरिंगमधलं सगळं कळायचं, फक्त स्वतःची चूक कळायची नाही. निपाणीहून बेंगळुरूला आला त्याला तीस वर्षं झाली. मारतहळ्ळीच्या एका सोसायटीतली चौऱ्याऐंशी घरांची वायरिंग त्याच्या हाताखालची. वायरीला वायर जोडली की टेप लावण्याआधी उघड्या तांब्यावर तो ओल्या हळदीच्या दोऱ्याचे दोन वेढे द्यायचा. दसऱ्याच्या आयुधपूजेला पकडीला बांधतात तोच दोरा. लोक कौतुक करायचे आणि पिराजीला कौतुक भारी आवडायचं.

मंजुनाथ बारा वर्षं त्याच्या हाताखाली राबला. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर एक जोड जळाला, कुणाचा तरी फ्रिज गेला. जोडाचा नुसता कोळसा उरला होता. पिराजीनं चौघांदेखत सांगून टाकलं, हे मंजुनाथचं काम. चाळिशीचा माणूस मान खाली घालून उभा राहिला. मग कुणी त्याला दारात उभं करेना, तेव्हा तो त्याच सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाला.

आता पिराजीचे गुडघे गेले होते. दिवाळीला काम सोडून तो कायमचा निपाणीला, लेकीकडं जाणार होता. तो ज्याचं नाव सांगेल त्याला त्याची जागा द्यायची, असं सेक्रेटरी शाल्मलीनं कबूल केलं होतं. त्या सकाळी मंजुनाथ गेटवर म्हणाला, "अण्णा, एक शब्द टाका. मला परत पक्कड धरायचीय." पिराजी बघतो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याच्या मनातही तेच होतं.

नेमकी त्याच दिवशी शाल्मलीच्याच घरातून तक्रार आली. पुण्याची पोरगी, पहिल्या मजल्यावर राहायची. इस्त्री लावली की बेडरूममधले दिवे पिवळे पडत आणि पंखा मरगळे. शिडी धरायला मंजुनाथ वर आला.

पिराजीनं मीटर लावला. मेन बोर्डावर दोनशे अठ्ठावीस व्होल्ट, बेडरूमच्या सॉकेटलाही तेवढेच. नवखा असता तर सगळं ठीक आहे सांगून निघून गेला असता. पिराजीनं इस्त्री चालू करून पुन्हा मोजलं. बोर्डावर आकडा हलला नाही, सॉकेटवर एकशे नव्वदवर आला. म्हणजे खोट मधल्या एखाद्या जोडात होती. मेन बंद करून तो शिडीवर चढला आणि पॅसेजमधल्या डबीचं झाकण त्यानं काढलं.

न्यूट्रलच्या जोडावरची टेप वितळली होती. आत तांबं हिरवं पडलेलं, आणि त्याला चिकटलेला काळपट, ओशट दोरा. ओल्या दोऱ्यानं वर्षानुवर्षं तांबं खाल्लं होतं. पहिल्या दोन मजल्यांचं काम मंजुनाथ यायच्या आधीचं, पिराजीनं एकट्यानं केलेलं. तिसऱ्या मजल्यावरचा तो कोळसा कशाचा होता, हेही त्याला शिडीवरच कळलं. खालून मंजुनाथला सगळं दिसत होतं.

"कुणाचा जोड आहे हा?" शाल्मलीनं विचारलं.

पिराजीनं दोरा ओरबाडून मुठीत घेतला. "ह्याचाच," तो म्हणाला आणि हनुवटीनं खाली मंजुनाथकडं दाखवलं.

शाल्मली म्हणाली, बरं झालं सांगितलंत, तुम्ही याचं नाव सुचवलं असतं तर आम्ही घेतलंच असतं याला. पिराजीनं तांबं घासून जोड नव्यानं घट्ट केला, दोऱ्याशिवाय. दिवे लख्ख लागले आणि शाल्मलीनं त्याला चहा दिला. तो त्याला गोडच लागला, इतका निर्लज्ज होता तो.

जिन्यात शिडी खांद्यावर घेऊन मंजुनाथ थांबला.

"सरी अण्णा, ठीक आहे," तो शांतपणे म्हणाला. "पण प्रत्येक घरात तुमचा दोरा आहे. माझ्या हातचे जोडसुद्धा तुम्हीच सांगितलंत तसे आहेत. दुसरा मिस्त्री आला की पहिलीच डबी उघडून बघणार. मग कुणाकुणाचं नाव सांगाल?"

पिराजी दिवाळीला गेला नाही. त्यानंतरच्या दिवाळीलाही नाही. हाताखाली माणूस घ्यायची त्याला सोय उरली नाही. लेकीनं त्याच्यासाठी रिकामी ठेवलेली खोली शेवटी भाड्यानं दिली. सुजलेल्या गुडघ्यांनी तो अजून एकटाच शिडी चढतो, डबी उघडून दोरा काढतो आणि खिशात घालतो. तो गेटमधून आत आला की मंजुनाथ त्याला रोज उठून सलाम करतो.