मनिरामचा सरावाआधीचा नियम

फोन आला तेव्हा आठवीचा तास संपवून मी वर्गाबाहेर येत होतो. एटापल्लीकडच्या मुलींच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीण बाई बोलत होत्या. "मडावी सर वारले जी." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मलेरिया मेंदूपर्यंत गेला होता. मनिराम मडावीला तिथल्या मुलींचा फुटबॉल प्रशिक्षक होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

चंद्रपूरच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. तो भामरागडच्या पलीकडचा, मी ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावचा. दोघांच्याही घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं. पहिल्याच परीक्षेत माझे दोन विषय गेले आणि मी गावी परतायला पेटी भरली. तो समजावत बसला नाही. मला मैदानावर नेलं, गोलात उभं केलं आणि चेंडू मारत राहिला. "सुटला त सुटला. पुढचा पाह्य." आज मी शिक्षक आहे तो त्या संध्याकाळमुळे. पुढे मी संघाचा कप्तान झालो. अंतिम सामन्यात तो तापाने फणफणत असताना मी त्याला मैदानात उतरवलं, त्याने गोल मारला, आणि ती गोष्ट आम्ही वर्षानुवर्षं हसत सांगितली.

प्रशिक्षक झाल्यावर मात्र तो बदलला. सरावाआधी मुलींनी जोड्या करून एकमेकींच्या कपाळाला हात लावायचा, हा त्याचा नियम. अंग गरम लागलं की चेंडूला शिवायचं नाही, आधी गावच्या आशा सेविकेकडे जाऊन रक्त तपासायचं. रोशनी ही त्याची सगळ्यात चपळ खेळाडू. तिलाही एका सामन्याला त्याने बाहेर बसवलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मीही चिडवलं, तू कोच झाला का आजीबाई झाला बे?

मुली पहिल्यांदाच गडचिरोलीला खेळायला जाणार होत्या. आदल्या दुपारी त्याचा फोन आला.

"अंग तापून राह्यलं गड्या. रक्त तपासून घेतो, पोरींसंग दुसऱ्या कोणाले धाडतो."

"फायनल तापातच मारली होती ना बे? गोळी खाय अन् जाय."

तो हसला. "कप्तानाचा हुकूम," म्हणाला.

मुली सामना जिंकल्या. तो कडेला बसूनच होता, उभं राहवत नव्हतं, असं नंतर कळलं. चौथ्या दिवशी गेला... वेळेवर तपासलं असतं तर वाचला असता का, कोण सांगणार? त्याच्या आईसमोर मी दोनदा बसून आलो. फोनचं सांगता आलं नाही.

गेल्या रविवारी त्याचं सामान आणायला वसतिगृहावर गेलो. मुली सरावाला उभ्या होत्या. जोड्या लागल्या, रोशनी एकटी उरली. उरलेल्या मुलीचं कपाळ स्वयंपाकीण बाई पाहायच्या. मडावी सरांचं मात्र कोणी पाहत नसे. रोशनी सरळ माझ्यापुढे आली.

"सर, वाका. आता मोठ्यांचंही पाह्यतो आमी."

मी वाकलो. तिचा हात कपाळावर असतानाच मी फोनची सगळी गोष्ट सांगून टाकली. ती ऐकत राहिली. मग हात काढला.

"तुमी त्याईले तपासा म्हणायले पाह्यजे होतं, सर."

एवढं बोलून ती मैदानात गेली. मी अजून वाकलेलाच होतो.