चौदा सेकंद

आमच्या ह्यांना पगार मिळायचा तो दुसऱ्यांच्या चुका ऐकण्याचा. थट्टा नाही करत. देशाच्या रेडिओचं मुख्य केंद्र, दिवसभर नुसतं बोलणं; गाणं औषधालाही नाही. पहाटेच्या बातम्या, शेतीचा सल्ला, आरोग्याचं भाषण, पुस्तकवाचन, श्रोत्यांची पत्रं, आणि परिसंवाद, ज्यात चौघं एकदम बोलायचे आणि ऐकायचं कुणीच नाही. हे एका कोंदट खोलीत भिंतीवरच्या स्पीकरखाली वही उघडून बसलेले. कोण अडखळलं, कुणाचा कागद फडफडला, कुठे किती सेकंद काहीच ऐकू आलं नाही, सगळं घड्याळ बघून लिहायचं. एकोणतीस वर्षं! केंद्रावर त्यांचं नावच पडलं होतं ‘कान’. कान आले, कान जेवायला गेले. घरी मात्र त्या कानांत बोळे. गॅस संपलाय हे मी तीनदा ओरडून सांगितलं की विचारायचे, “काही म्हणालीस?”

आमची एकुलती एक लेक त्याच केंद्रावर निवेदिका झाली. वशिल्याने नाही हं, आवाजाची परीक्षा देऊन. पण काम कच्चं, महिन्याला दहा-बारा पाळ्या, त्याही मिळाल्या तर. चार वर्षं अशीच लटकली होती. मग पत्रक निघालं, सातांपैकी तिघांना कायम करणार. अट एकच: मागच्या सहा महिन्यांत वहीत नावावर दहा सेकंदांहून मोठी चूक नको. लेकीच्या नावावर एक ओळ नव्हती. मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

त्या दिवशी मी शेंगा सोलत रेडिओ ऐकत होते. अकरा वाजता ती बोलली, “आता ऐका डॉक्टरांचं भाषण, आपलं हृदय.” आणि पुढे काहीच नाही. शेंग हातात तशीच. मी मनात ओरडत होते, अगं बोल, काहीतरी बोल! मग ती म्हणाली, “क्षमस्व, भाषण थोड्याच वेळात.” नंतर कळलं, टेप लावायचा तो तंत्रज्ञ चहा प्यायला गेला होता, आणि ही काचेतून त्याची रिकामी खुर्ची बघत बसली.

हे तीनला घरी आले. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

“लिहिलंत?”

“लिहिलं. चौदा सेकंद शांतता. निवेदिका.”

“आणि तो मेला चहाला गेला होता, ते?”

“ते मला ऐकू येत नाही. मला शांतता ऐकू येते.”

“अहो, त्या सातांतलाच संचालकांचा भाचा बातम्या वाचताना चक्क पेंगला होता! चाळीस सेकंद! तुम्हीच लिहिलंत ना, तांत्रिक कारण?”

ते मला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं नव्हतं, आणि न राहवून स्वतःच मला सांगितलं होतं. आता खाली बघत म्हणाले, “संचालकसाहेबांचा आजही फोन आला. म्हणाले, लिहा तांत्रिक, मुलगी आपल्या घरचीच आहे.”

“मग?”

“तेच लागलं मला. उद्या सगळे म्हणतील, बापाने लेकीला झाकलं.”

जग आपलं ठेवतं झाकून आणि दुसऱ्याचं बघतं वाकून. आमच्या घरात उलटा कारभार! भाच्याला झाकलं तेव्हा हा हरिश्चंद्र कुठे झोपला होता? एकोणतीस वर्षांत साठवलेला सगळा खरेपणा ह्यांनी माझ्याच पोरीच्या माथी मारला. मी हे सगळं तोंडावर बोलले. शेजारी ऐकू गेलं असेल तर गेलं असेल.

लेक संध्याकाळी आली. तिला कळलं होतं. भांडली नाही, रडली नाही. चपला काढून ह्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, “बाबा, चार वर्षं ऐकताय मला. एक सांगा. आवाज कसा आहे माझा?”

ह्यांना खोटं बोलता आलं असतं हो! ‘छान आहे गं’ म्हणायला काय जात होतं? पण म्हणाले, “मी आवाज नाही गं ऐकत. चुका ऐकतो.”

ती हसली. तसं हसणं मला पुन्हा बघायचं नाही.

तिघं कायम झाले, त्यांत भाचा पहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. लेकीने केंद्र सोडलं आणि बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचं काम धरलं. खोलीही तिकडेच घेतली. रविवारी मला भेटते, बागेत, घरी नाही. बापाचं नाव काढत नाही. मीही मध्यस्थी केली नाही. कुठल्या तोंडाने करणार?

हे पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. दिवसभर घरात बसून काय करतात, तर काही नाही. रेडिओही लावत नाहीत. एका दुपारी न सांगता बाहेर पडले, ते दिवे लागल्यावर परत आले. शर्टाची पाठ धुळीने माखलेली. खुर्चीत बसले आणि जरा वेळाने म्हणाले, “चार तासांत एकदाच अडखळली.”

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा विचारलं, “भेटलात तिला?”

“नाही. बसस्थानकाच्या खांबामागे उभा होतो.”

“आणि आवाज? आवाज कसा होता?”

चार तास लेकीला ऐकून आलेल्या माणसाला तेवढं सांगता येईना. मला त्यांची कीव आली. राग मात्र तेवढाच राहिला, अजून आहे.